गाण्याखालचे नाव

धारवाडचा पेढा आणि धारवाडकडचे गाणे, या दोन गोष्टींविषयी कोल्हापूरच्या माणसाला नव्याने काही सांगावे लागत नाही. सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी ही नावे वडिलांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली की, लहानपणी मला ती आमच्या भाऊबंदांचीच वाटत. वडील संस्थानच्या दरबारात गात. दरबार गेला, बिदागी गेली. पण दसऱ्याच्या दिवशी फेटा बांधून तंबोरा जुळवण्याची त्यांची रीत शेवटपर्यंत सुटली नाही. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. गाण्याचा वारसा माझ्याकडे आला तो मास्तरकीच्या रूपाने. मुलांना सा रे ग म शिकवता शिकवता माझी वीस वर्षे गेली.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी हुबळीहून एक पत्र आले. पत्र धाडणाऱ्या बाई वडिलांच्या एका शिष्याच्या नात्यातल्या. जन्मभर कानडी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. सारी वस्ती त्यांना अक्का म्हणते, मीही तेच म्हणतो. हुबळीत रुळांपलीकडच्या एका वस्तीत त्या संध्याकाळी मुलींचा वर्ग घेतात. नऊ ते तेरा वर्षांच्या अकरा मुली. दिवसा त्या शाळेत जातात आणि दिवेलागणीला इथे येऊन बसतात. बहुतेकींच्या आया लहानपणी सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या. अक्कांनी लिहिले होते, "मुलींना शाळेत बसवले, पण पुस्तकात बसवता येत नाही. पुस्तकातले घर त्यांचे नव्हे. त्यांच्या गाण्यांतून वाचनाचे आणि हिशेबाचे धडे करावेत असा विचार आहे. सुट्टीत पंधरा दिवस याल का?"

पुस्तकातले घर म्हणजे काय, ते मला तिथे गेल्यावर कळले. वर्गात कोणीतरी दिलेल्या जुन्या वाचनपाठांची एक चळत होती. एका पाठात चित्र होते: वडील वर्तमानपत्र वाचताहेत, आई चहा घेऊन आली आहे, आजोबा नातवाला गोष्ट सांगताहेत. खाली आपल्या घराविषयी पाच वाक्ये लिहायची होती. एका मुलीने चार वाक्ये ठसठशीत लिहिली होती. पाचव्या ओळीवर 'वडील' एवढाच शब्द होता आणि त्यापुढे नुसती खोडाखोड.

हार्मोनियम कोपऱ्यात

निपाणी, बेळगाव, कित्तूर, धारवाड असा दोनशे किलोमीटरांचा प्रवास करून मी उतरलो, तेव्हा माझ्याबरोबर तीन वस्तू होत्या: हार्मोनियम, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकाचा पहिला भाग आणि वडिलांची चिजांची जुनी वही. एवढ्या सामग्रीवर मी कुठल्याही वर्गाला पंधरा दिवसांत चार राग शिकवू शकतो, असा माझा अभिमान होता.

पहिल्या दिवशी मी भूप घेतला. पाच स्वरांचा सरळ राग, मुलांच्या गळ्यावर चटकन बसतो. सरगम झाली, लक्षणगीत झाले. मुली माझ्यामागून म्हणत होत्या; पण पाहुण्यापुढे गप्प बसावे तशा म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी हिंदी प्रार्थना घेतली. त्यातले अर्धे शब्द त्यांना कळत नव्हते आणि माझी मोडकी कानडी त्यांना समजावून देऊ शकत नव्हती. मधल्या सुट्टीत मात्र त्याच मुली अंगणात फेर धरून असे काही गात होत्या, टाळ्यांत अशी वजने टाकीत होत्या, की मी खिडकीशी उभा राहून मात्रा मोजू लागलो.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी मला विचारले, "मास्तर, आमच्या डेप्युटी चन्नबसप्पांचे नाव ऐकले आहे का?"

मी ऐकलेले नव्हते. आपल्या पुष्कळ वाचकांनीही ऐकलेले नसेल, म्हणून सांगतो. एकोणिसाव्या शतकात धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि तिथल्या सरकारी शाळांत मराठीतून शिक्षण देण्याची चाल पडली होती. घरी कानडी बोलणारे पोर शाळेत येई आणि मराठी पुस्तक उघडून बसे. चन्नबसप्पा हे धारवाडचेच गृहस्थ, शिक्षणखात्यातले डेप्युटी इन्स्पेक्टर. कानडी मुलाला कानडीतून शिकवले पाहिजे या एका गोष्टीसाठी त्यांनी आयुष्य वेचले. शाळा काढवल्या, शिक्षक तयार केले, कानडी पुस्तकांना बळ दिले. धारवाडकडच्या मराठी शाळा कानडी झाल्या, त्याचे मोठे श्रेय त्यांना देतात.

अक्का हे सहज सांगत होत्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मी मनातून ओशाळलो. कोल्हापूरहून पुस्तक आणि पेटी घेऊन आलेला मी तरी दुसरे काय करीत होतो? त्या संध्याकाळी हार्मोनियम कोपऱ्यात गेली आणि पुढले बारा दिवस तिथेच राहिली.

शिंपले, चिंचोके आणि सोळा मात्रा

मुलाच्या घरातलीच वस्तू घेऊन त्याला शिकवावे, ही कल्पना आपल्या महाराष्ट्रात नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या शेजारी नेले. माँटेसरी पद्धतीची साधने महागडी. परदेशी नमुन्यावर घडवलेले मणी आणि ठोकळे आदिवासी मुलांसाठी आणायचे कुठून? ताराबाईंनी त्याऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने घेतली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी कागदांत चालतो, तो या कामातून आलेला आहे.

कर्नाटकातही असेच एक काम झाले आहे. म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली शिक्षकांनी 'नली-कली' म्हणजे 'आनंदाने शीक' ही पद्धत सुरू केली आणि ती पुढे राज्यभर पसरली. पहिल्या तीन इयत्तांची मुले एकत्र बसतात. जाड्या पुस्तकाऐवजी लहान लहान कार्डे असतात आणि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकेक कार्ड पुरे करीत मूल आपल्या चालीने वर चढते. अक्का निवृत्तीपूर्वी याच पद्धतीने शिकवीत. त्या म्हणाल्या, "कार्डे मी करते. गाणी मुली आणतील. ताल आणि हिशेब तुमच्याकडे."

मग रोज गाणी येऊ लागली. आषाढातल्या मंगळवारी मुली मातीची गुळ्ळव्वा करतात, तिच्यापुढची गाणी आली. भाद्रपदात बायका बुट्टीत मातीचा जोकुमार घेऊन दारोदार फिरतात, त्याची आली. पाऊस ओढ देतो तेव्हा निघणाऱ्या गुर्जीची आली. आपल्याकडची धोंडी तीच. ज्या मुलीचे गाणे, तिनेच ते कानडीत लिहायचे. चुकले तर बाकीच्या दहाजणी गाऊन दाखवीत आणि मग कुठला काना गळला, कुठले जोडाक्षर सुटले ते आपोआप सापडे. जे तोंडपाठ आहे ते कागदावर दिसले की वाचायची भीती जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले. दहा वर्षांची एक मुलगी वाचनात सगळ्यांत मागे होती. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले जोकुमाराचे गाणे बोट फिरवीत वाचले आणि मग तेच बोट दुसऱ्या मुलीच्या कार्डावर ठेवले.

हिशेब माझ्याकडे होता. गुळ्ळव्वेचे एक गाणे सहा मात्रांत बसले, तीन अधिक तीन. म्हणजे आपला दादरा. गुर्जीचे आठांत बसले, तो केरवा. सातांत पडणारे एक निघाले. ते तीन-दोन-दोन असे मोजून टाळी कुठे पडते ते मुलींनीच शोधले. मग मी त्रितालाच्या सोळा मात्रांचे कोष्टक फळ्यावर काढले. चार खंड, प्रत्येकात चार. पाढ्यातले चार चोक सोळा त्यांना येत होते. ते हातावर वाजवता येतात हे ठाऊक नव्हते.

अपूर्णांकांना साऱ्या मुली भीत. मी एका मात्रेत एक अक्षर म्हणायला लावले, मग एका मात्रेत दोन, मग चार. एका मात्रेत दोन अक्षरे बसली की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी मात्रा, चार बसली की पाव. आमचे वडील ज्याला दुगुण, चौगुण म्हणत, तेच जुन्या पंतोजींच्या निमकी-पावकीचे पाढे. दीडपट लय घेतली तेव्हा मुली अडखळल्या, हसल्या, पुन्हा म्हणू लागल्या. आणि तीन भागिले दोन म्हणजे किती, हे एकीने टाळी देऊन सांगितले. वीस वर्षांच्या मास्तरकीत मला लयीचा असा उपयोग सुचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

चौंडके

आठव्या दिवशी एका बारा वर्षांच्या मुलीने नवे गाणे आणले. खोडाखोड केलेले ते पाचवे वाक्य हिचेच, हे मला नंतर कळले. गाणे यल्लम्माचे होते. पहिली ओळ ऐकताच मी सावरून बसलो. चाल अशी की एखादा कसलेला गवई तिच्यावर अर्धा तास खर्च करील. आणि लय मधेच अशी वळत होती, की समेवर येईतो श्वास रोखून धरावा लागे. मी विचारले, "कोणी शिकवले?" ती म्हणाली, "अव्वा रात्री हळू म्हणते. तिला वाटते मी झोपले."

चौंडके वाचकांनी पाहिले असेल. लाकडी पोकळ नळकांड्याला खालून कातडे, त्यातून निघालेली एकच तार. काखेत धरून वाजवायचे. जोगतिणी आणि जोगते ते घेऊन यल्लम्माची गाणी गातात. माघातल्या पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर त्याच्या आवाजाने कान भरून जातात. मी मुलीकडून ते गाणे लिहून घेतले, त्याच्या मात्रा बांधल्या, आणि अक्कांच्या एका मदतनिसाने कार्डावर चौंडक्याचे सुरेख चित्र काढले. ते कार्ड आमच्या साऱ्या कार्डांचे भूषण आहे असे मला वाटले. मुलींच्या संस्कृतीतले साधन म्हणतात ते याहून वेगळे काय असणार?

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. तिची आई आली. हुबळीच्या एका खानावळीत ती ज्वारीच्या भाकऱ्या थापते. हातांना अजून पीठ होते. बोलणे कानडीच, अक्कांनी मला समजावले. इथे मराठीत देतो.

"मास्तर, हे चित्र तुम्ही काढलंत?"

मी होय म्हटले.

"मी आठ वर्षांची असताना माझ्या गळ्यात मणी बांधले. का बांधतात ते मला कळत नव्हतं. ते तोडायला मला वीस वर्षं लागली. चौंडकं मी माझ्या हातानं चुलीत घातलं. आणि तुम्ही ते माझ्या मुलीच्या पुस्तकात घालता?"

कार्ड तिने फाडले नाही. ते उलटे करून जमिनीवर ठेवले आणि ती निघून गेली. दाराशी वळून म्हणाली, "शाळेत नाव घालायला गेले तेव्हा कारकुनानं बापाचं नाव विचारलं. चार माणसांपुढं तीनदा विचारलं. तिथून सुटलो म्हणून इथं पाठवत होते."

अक्का मला काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणेच मला लागले. मुलीला देवाला सोडण्यावर कायद्याने बंदी आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, कर्नाटकात १९८२ साली झाला. पण ज्या बाईच्या गळ्यात मणी पडून गेले, तिच्या मनातले कोणत्या कायद्याने पुसायचे? चार दिवस ती मुलगी वर्गात आली नाही. तिला आता खानावळीत हाताशी घेणार, असे शेजारणी सांगू लागल्या. बारा वर्षांची मुलगी एकदा भाकरीच्या परातीपुढे बसली, की पुन्हा पाटीपुढे यायची नाही, हे तिथे सर्वांना ठाऊक आहे. आणि तिला तिथे बसवण्याचे निमित्त माझे कार्ड होते.

अंबाबाईंची गोष्ट

मधल्या रविवारी मन लागेना म्हणून मी कुंदगोळला गेलो. हुबळीपासून अगदी जवळचे हे गाव पूर्वी जमखंडी संस्थानात होते. सवाई गंधर्व इथलेच, म्हणून त्यांचे नाव रामभाऊ कुंदगोळकर. वडील ज्या वाड्याचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावीत, तो नाडगीरांचा वाडा पाहिला. भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल या गावी शिकले. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने येत आणि तालीम घेऊन परत जात.

गंगूबाईंची हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती मला निराळ्या अर्थाने आठवली. त्यांचा जन्म १९१३ साली धारवाडात झाला. घर गाणाऱ्या बायकांचे. समाज त्यांना 'गाणेवाली' म्हणून हिणवी. शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटली. १९२४ साली बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात, गांधीजींच्या समोर, या मुलीने स्वागतगीत म्हटले. गाणे झाल्यावर तिच्या मनात भीती होती ती सुरांची नव्हती. आपल्याला आता उष्टी काढायला सांगतील की काय, ही होती. पुढे तिची पहिली ध्वनिमुद्रणे 'गांधारी' या नावाने निघाली. वडिलांचे आडनाव तिने लावले नाही, पतीचे लावले नाही. घराण्याच्या मूळ गावाचे, हनगलचे, लावले आणि तेच देशभर गाजले. २००२ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००९ साली हुबळीतच त्या गेल्या.

यात मला आठवत राहिली ती त्यांची आई. अंबाबाई कर्नाटक संगीत उत्तम गात. मुलीचा कल हिंदुस्थानी गाण्याकडे आहे असे दिसताच, आपल्या गाण्याचा वळसा तिच्या गळ्यावर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःचे गाणे थांबवले. १९२८ साली मुलीच्या शिक्षणासाठी साऱ्या घराने धारवाड सोडून हुबळीला बिऱ्हाड केले. चार वर्षांनी अंबाबाई वारल्या.

मुलीच्या शिक्षणासाठी आपले गाणे गिळणारी आई मला खानावळीत भेटली होती आणि मी तिला ओळखले नव्हते. तिच्या संस्कृतीतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचा निवाडा तिने केव्हाच, चुलीसमोर बसून, केला होता. मी तो न विचारता फिरवला. परक्याचे पुस्तक मुलीच्या हाती देणे ही एक चूक. तिच्या घरातली वस्तू घरच्या माणसाला न विचारता उचलून पुस्तकात घालणे ही दुसरी. पहिली मी तिसऱ्या दिवशी सुधारली. दुसरी अधिक नाजूक होती, कारण ती करताना मला स्वतःचे कौतुक वाटत होते.

बापाचे नाव

सोमवारी संध्याकाळी अक्कांना बरोबर घेऊन मी खानावळीच्या मागल्या दाराशी गेलो. कार्ड मी बरोबर नेले होते. ते तिच्या हाती दिले आणि म्हटले, "हे तुमचे. मी विचारायला हवे होते. याची दुसरी प्रत नाही."

ती थापत राहिली. ज्वारीची भाकरी थापताना दोन्ही तळव्यांचा आवाज ठरलेल्या वजनात पडतो. मी नकळत मोजीत होतो. मग मी तिला अंबाबाईंची गोष्ट सांगितली. हुबळीच्या बाईला गंगूबाईंचे नाव सांगावे लागले नाही. पण आईचे तिला ठाऊक नव्हते. गोष्ट संपल्यावर ती पुष्कळ वेळ गप्प होती.

"ती अव्वा गप्प बसली," शेवटी ती म्हणाली. "मी गप्प बसणार नाही. पण काय गायचं ते मी सांगीन. हे कार्ड माझ्यापाशी राहू दे. पोरगी मोठी झाली, तिनं विचारलं, तर मीच सांगीन. तुम्ही नाही."

मग तिने हात पुसले आणि एक जात्यावरचे गाणे म्हटले. तिच्या आईचे, मणी बांधण्याच्या आधीच्या दिवसांतले. मोठे नव्हते. एक बाई जात्याला म्हणते की माझी लेक सासरी गेली, आता माझ्याशी तूच बोल, अशा अर्थाचे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी त्याचे सख्खे नाते आहे. अक्कांनी तिथेच, पिठाच्या डब्यावर कागद ठेवून, ते लिहून घेतले.

आमच्या कार्डांवर गाण्याखाली मुलीचे नाव असे. अक्कांना त्या क्षणी सुचले आणि त्यांनी विचारले, "खाली तुझं नाव घालू? गाणं तू शिकवलंस."

तिने विचारले, "नुसतं माझं? बापाचं लागत नाही?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "गाण्याला लागत नाही."

मंगळवारी मुलगी वर्गात आली. तिने ते कार्ड मोठ्याने वाचले आणि शेवटी आईचे नाव वाचताना आवाज जरा चढवला. त्या आठवड्यात साऱ्या कार्डांवर नावे चढली: गाणे लिहिणारी मुलगी आणि ते शिकवणारी आई, आजी किंवा शेजारीण. आणि एक नियम झाला, की घरून होकार आल्यावाचून कुठलेही गाणे कार्डावर जाणार नाही. तीन आयांनी नकार दिला. त्या गाण्यांचा विषय तिथेच संपला. दोघीजणी मात्र स्वतः वर्गात येऊन बसल्या. त्यांना लिहायला येत नव्हते. आपले नाव कसे दिसते ते पाहायला त्या आल्या होत्या. आता त्यांचाही धडा सुरू झाला आहे, असे अक्कांचे पत्र सांगते.

निघायच्या दिवशी मुलींना मी एक गोष्ट सांगितली. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मातंग समाजातली मुक्ता साळवे शिकत होती. १८५५ साली तिने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. तिच्यासारख्या मुलीसाठी कोणी पुस्तक लिहिले नव्हते. तिने स्वतः लिहिले, आणि आज ते आपण शिकतो. पाचवे वाक्य खोडणाऱ्या मुलीने विचारले, "तिनं बापाविषयी लिहिलं का?" मी म्हटले, "तिला जे लिहायचे होते ते लिहिले." अक्का म्हणाल्या, हा धडा कार्डावर घालायला हरकत नाही.

घरी आल्यावर मी वडिलांची वही उघडली. हुबळीत ती एकदाही उघडली नव्हती. प्रत्येक चिजेखाली वडिलांनी ती कोणाकडून मिळाली त्याची नोंद केली आहे. खाँसाहेबांची नावे, बुवांची नावे, गाव, साल. पाच-सहा दादरे आणि ठुमऱ्या मात्र अशा आहेत की त्यांखाली नुसते 'बाई' एवढेच लिहिले आहे. मी कॉलेजात असताना वडिलांना एकदा विचारले होते. त्यांनी नाव सांगितले, बाईंच्या आवाजाचे वर्णन केले, आणि म्हणाले, "वहीत लिहू नकोस. त्या काळी बरे दिसत नसे." मी लिहिले नाही. आज मला ते नाव आठवत नाही, आणि सांगायला वडील राहिले नाहीत.

गाण्याची विद्या घराघरांत पोचवणाऱ्यांचे उपकार मी विसरत नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी क्रमिक पुस्तके केली. माझी भाकरी त्यांच्यावरच चालते. त्यामुळे घरंदाज मुलींना राजरोस गाणे शिकता आले. पण ज्या बायकांनी ही गाणी इतकी वर्षे गळ्यात सांभाळली, त्यांच्या लेकींसाठी ते दार तितके सताड उघडले नाही. गाणे पुस्तकात गेले आणि गाणारीचे नाव बाहेर राहिले.

हुबळीच्या मुलींची कार्डे आता चाळीसच्या घरात गेली आहेत. छापलेली नाहीत, हाताने लिहून, वर प्लॅस्टिक लावून ती वापरतात. आमच्या या भागातही अशा वस्त्या आहेत. गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरली होती, त्या भगिनींच्या नाती आज शाळेत जात असतील. वाचकांत जे शिक्षक आहेत त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: अशा मुलीला शिकवायचे असेल तर तिच्या घरचे गाणे जरूर घ्या, आधी तिच्या आईला विचारा, आई नको म्हणेल ते सोडा, आणि जे घ्याल त्याच्या खाली तिचे नाव घाला.

वडिलांच्या वहीतले ते दादरे मी माझ्या विद्यार्थिनींना शिकवतो. पूर्वी 'वडिलांकडून' म्हणून सांगत असे. आता सांगतो, की एका बाईंकडून. नाव लिहायचे आमच्याकडून राहून गेले.